सात नंबरचा गेला

मेंटेनन्सच्या माणसाकडे दोन गोष्टी कधी संपत नाहीत. उरलेले स्क्रू आणि किस्से. दोन्ही कुठून आले ते आठवत नाही, दोन्ही टाकवत नाहीत, आणि डबा उघडला की हवा तो सोडून बाकी सगळे हाताला लागतात.

मी रेवदंड्याजवळच्या एका ज्येष्ठ निवासात मेंटेनन्स बघतो. बोर्डावर 'ज्येष्ठ निवास' असं लिहिलंय. नाक्यावरचे रिक्षावाले 'म्हाताऱ्यांचं लॉज' म्हणतात. पत्ता विचारायचा तर तसाच विचारावा, लवकर सापडतो. बैठी इमारत, समोर लांब पडवी, मागे सुपारीची वाडी आणि वाडीच्या पलीकडे समुद्र. भेटायला येणारे म्हणतात, "काय हवा आहे हो तुमच्याकडे!" हवा चांगलीच आहे. त्या हवेत माणूस टिकतो, बिजागरी टिकत नाही.

माझी बायको म्हणते, "तुमच्याकडे काम कमी आणि गोष्टीच फार." तसं नाहीये. काम होऊन जातं. पंखा फिरायला लागला की पंख्याचं काम संपलं. पंख्याखाली बसलेला माणूस मात्र बोलतच राहतो, त्याला मी काय करू?

*

पहिला किस्सा एका शब्दाचा.

आमच्याकडे सात नंबरच्या खोलीत गायकवाड सर राहतात. महाडकडच्या एका शाळेतले रिटायर्ड हेडमास्तर. मराठी शिकवायचे. अजूनही शिकवतात, फक्त वर्गात आता आम्ही असतो. उन्हाळ्यात पुतणीच्या लग्नाला गेले आणि स्टेजवरून उतरताना पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "आता चाला." सर म्हणाले, "बघू."

तेव्हापासून ते बघतच होते. नवा वॉकर आणला, तो खोलीच्या कोपऱ्यात उभा. त्याच्यावरचं दुकानातलं प्लॅस्टिकसुद्धा सरांनी कोणाला काढू दिलं नाही. हाड जुळलं होतं, पण पडायची भीती बसली होती. आणि हेडमास्तर घाबरतात असं तोंडावर कोण बोलणार?

तर ऐन आषाढात एका सकाळी सरांच्या बाथरूमचा गिझर बंद पडला. आमच्या मॅनेजर सावंत मॅडम कामासाठी अलिबागला गेल्या होत्या. मी फोन लावला. रेंज अशी की अर्धा शब्द पोचतो आणि अर्धा समुद्रात पडतो. म्हणून मी ओरडून, थोडक्यात सांगितलं, "मॅडम, सात नंबरचा गेला!"

पलीकडून "अरे देवा" ऐकू आलं आणि फोन कट झाला. एका गिझरसाठी मॅडमना एवढं वाईट वाटेल असं मला वाटलं नव्हतं.

दुपारी गेटवर गाडी थांबली. खारघरहून सरांचा मुलगा, सून, मुलाचा मेव्हणा, आणि मागच्या सीटवर पांढऱ्या फुलांचा मोठा हार. त्यांच्या मागोमाग रिक्षातून मॅडम. रडून रडून डोळे लाल.

सर पडवीत व्हीलचेअरवर बसून पेपर वाचत होते.

मुलगा हार हातात घेऊन जागच्या जागी थिजला. "पप्पा... तुम्ही?"

सरांनी चष्म्यावरून बघितलं. "मी. तू कोणाकडे आलायस?"

सगळ्यांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "गिझर, मॅडम. गिझर गेला."

मॅडम त्यानंतर मला जे बोलल्या ते राहू दे. त्यांचं झाल्यावर सरांनी पेपरची घडी घातली. म्हणाले, "मॅडम, चूक म्हात्र्यांची नाही, तुमची आहे. 'गेला' हे एकवचन. मी असतो तर म्हात्रे 'गेले' म्हणाले असते. एवढा मान ते मला देतात."

मग मुलाकडे वळून, "हार खोलीतल्या बुद्धमूर्तीला घाल. ताजा दिसतोय."

हसून झालं, चहा झाला, आणि मुलगा म्हणाला, "आता आलोच आहे तर बोलून घेऊ." तिथे मात्र कोणी हसलं नाही. आमच्या निवासाची एक अट आहे. माणसाला जेवणघरापर्यंत स्वतःच्या पायांनी येता आलं पाहिजे. खाटेवरच्या माणसांचं करायला आमच्याकडे माणसं नाहीत. मॅडमनी आधीच सरांसाठी खूप ताणून धरलं होतं. पनवेलला एक सेंटर होतं, तिथे माणसाचं सगळं खाटेवरच करायचे.

"पप्पा, तिकडे एसी आहे, ट्वेंटी फोर अवर्स नर्स आहे," मुलगा म्हणाला. तो वाईट नाही हो. बापाची काळजी होती त्याला.

शेवटी ठरलं की दसऱ्यापर्यंत बघायचं. सर चालले तर इथे, नाहीतर पनवेल.

गाडी गेल्यावर सर मला म्हणाले, "म्हात्रे, मला इथून हलायचं नाही."

"मग चाला ना सर."

"तेच तर," सर म्हणाले आणि पेपर उघडून बसले. मला सर फार आवडतात, सांगून टाकलेलं बरं. त्या दिवशी तो पेपर उलटा धरलेला होता.

*

दुसऱ्या दिवशी मॅडमचं फर्मान निघालं. यापुढे आमच्याकडे काहीही 'जाणार' नाही. बल्ब जाणार नाही, मोटर जाणार नाही, लाईट तर मुळीच नाही.

आता बल्ब गेला तर म्हणायचं काय? मी 'झोपला' म्हणून बघितलं, दोन आज्या दचकल्या. 'संपला' त्याहून वाईट. 'उडाला' म्हणालो तर वनिता, आमची मदतनीस, कोळीवाड्यातली, तोंडाला पदर लावून म्हणाली, "असं वंगाळ बोलू न्हाय."

शेवटी प्रकरण सरांकडे गेलं. सर म्हणाले, "आपण नारळ फोडत नाही, वाढवतो. दुकान बंद करत नाही, वाढवतो. घरातून निघताना जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. मग बल्बनेच काय पाप केलंय? 'सुट्टीवर आहे' म्हणा."

झकास! सगळ्यांना पटलं. पंप सुट्टीवर, फ्रिज सुट्टीवर, वादळ झालं की अख्ख्या गावाची लाईट सुट्टीवर.

मग वनिता भाचीच्या साखरपुड्याला श्रीवर्धनला गेली. सकाळी चहाच्या वेळी शहाकाकांनी विचारलं, "वनिता किधर छे?" शहाकाकांचं अलिबागला हार्डवेअरचं दुकान होतं, मराठी-गुजराती-हिंदी एकाच ड्रॉवरमध्ये ठेवतात.

मी म्हणालो, "सुट्टीवर आहे."

शहाकाकांनी जरा विचार केला. "रिपेर होत असेल तर बघा," म्हणाले, "नाहीतर नवी बसवून घ्या."

वनिता परत आल्यावर तिला हे कोणीतरी सांगितलंच. "मी काय मिक्सर हाय व्हय?" ती म्हणाली. पुढचे काही दिवस शहाकाकांना बिनसाखरेचा चहा मिळाला. त्यांना डायबेटिस आहे, त्यामुळे तक्रारही करता येईना!

*

सरांनी चालावं म्हणून मॅडमनी पडवीच्या भिंतीला स्टीलचा बार लावून घेतला. सात नंबरच्या दारापासून थेट जेवणघरापर्यंत. धरून धरून माणूस जाईल, अशी कल्पना. मी तो चांगला पक्का बसवला, स्वतः लोंबकळून बघितलं.

फिजिओथेरपीच्या मॅडम दुसऱ्या दिवशी अलिबागहून येणार होत्या. बाहेर पावसाची झड लागलेली. आठवडाभर कोणाचे कपडे वाळले नव्हते.

सकाळी येऊन बघतो तर बार नाही! म्हणजे होता, पण दिसत नव्हता. टॉवेल, पंचे, बनियन, लुगडी, परकर. आख्खा निवास वाळत घातलेला.

फिजिओ मॅडमनी सरांना दारापर्यंत आणलं, हाताला धरून उभं केलं. "घाबरायचं नाही सर. बार घट्ट धरायचा आणि एक पाऊल टाकायचं."

सरांनी पडवीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर टाकली.

"कोणाचा परकर धरू?" त्यांनी विचारलं.

त्या दिवशीचं सेशन तिथेच संपलं. सावंत मॅडमनी बारवर कपडे घालायला बंदी केली तर चार खोल्यांतून निषेध आला. ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं. शेवटी अर्धा बार सरांना आणि अर्धा कपड्यांना, असा तह झाला. कपडे नेमाने यायचे. सर येत नव्हते.

*

शहाकाका ज्या खोलीत, त्याच खोलीत दळवीकाका. एसटीत कंट्रोलर होते. त्यांना पंखा पाचवर लागतो. शहाकाकांना एकवर, नाहीतर सांधे धरतात. एक उठून पाच करायचा, दुसरा उठून एक करायचा. दिवसभर दोघांचा तेवढाच व्यायाम.

दळवीकाका म्हणायचे, "आयुष्यभर गाड्या सोडल्या मी. मला स्पीड शिकवू नका!"

मी शेवटी एक युक्ती केली. पंखा तीनवर कायमचा बांधून टाकला आणि दोघांच्या उशाशी एकेक नवा रेग्युलेटर लावला. दोन्ही नुसते भिंतीला. वायर एकालाही नाही.

दळवीकाकांनी आपला पाचवर नेला. "आता कसा वारा आला!" शहाकाकांनी आपला एकवर नेला. "अब बराबर. मंद."

मी हे गुपित फक्त सरांना सांगितलं. सर म्हणाले, "याला लोकशाही म्हणतात."

पुढे भाद्रपदात पंख्याचा कंडेन्सर सुट्टीवर गेला. सकाळी दळवीकाका मला वाडीत गाठून हळूच म्हणाले, "म्हात्रे, शहाला सांगू नका. मी रात्री सहावर न्यायचा प्रयत्न केला, तेव्हाच बहुतेक मोडला."

दुपारी शहाकाका आले. "दळवीला बोलू नका. मी एकच्या खाली फिरवला. गलती माझी."

मी दोघांनाही माफ केलं.

*

रॅम्पचं उद्घाटन स्वातंत्र्यदिनाला झालं. एका देणगीदारांनी व्हीलचेअरसाठी रॅम्प बांधून दिला होता. उद्घाटनाला व्हीलचेअर पाहिजे आणि तिच्यात माणूस पाहिजे. माणूस म्हणजे अर्थातच सर.

पाहुण्यांनी फीत कापली, मी सरांना ढकलत वर नेलं, टाळ्या पडल्या. फोटोग्राफर म्हणाला, "सर, पाहुण्यांचे डोळे मिटलेत. एकदा परत." खाली आणलं, परत वर नेलं. मग पाहुण्यांच्या सौ. फ्रेममध्ये नव्हत्या. परत खाली, परत वर. मग पाहुणे म्हणाले, "ढकलताना मीच दिसलो पाहिजे." त्यांनी ढकललं, अर्ध्यात दम लागला, आणि सर उलटे खाली आले ते थेट माझ्या पोटावर.

"यापेक्षा चालणं सोपं होतं," सर म्हणाले.

मॅडमनी संधी साधली. "मग चाला ना सर! आत्ता, सगळ्यांसमोर!"

सर एक क्षण खरंच पुढे झुकले. मी बघितलं, हात खुर्चीच्या दांड्यांवर टेकवले होते त्यांनी. तेवढ्यात फोटोग्राफर म्हणाला, "सर, एक मिनिट, कार्ड फुल झालंय."

सर मागे टेकून बसले. त्या फोटोग्राफरला आम्ही नाश्ता दिला नाही.

*

नाईककाकू नऊ नंबरला असतात. सरांच्या खोलीपासून पडवीच्या पार टोकाला, जेवणघराच्या अलीकडे. चौलच्या. तिथे घर आहे, वाडी आहे, विहीर आहे, माणसं नाहीत. स्वभाव असा की स्वतःसाठी काही मागणार नाहीत. "कोणाला त्रास कशाला?" हे त्यांचं पालुपद.

आम्ही प्रत्येक खाटेजवळ बेल बसवली. बाकीच्यांनी पहिल्या दिवशीच वाजवून वाजवून आमचा जीव नकोसा केला. कोणाला चहा पाहिजे, कोणाला चॅनेल बदलून पाहिजे. भीक नको पण कुत्रं आवर, असं झालं. नाईककाकूंनी मात्र बेलला हातही लावला नाही.

आणि एका दुपारी नऊ नंबरची बेल वाजली! मॅडम हातातला फोन टाकून धावल्या, वनिता पिठाच्या हातांनी धावली, मी शिडीवरून उडी मारली.

काकू खाटेवर शांत बसल्या होत्या. "काही नाही रे प्रदीप," मला म्हणाल्या, "वाजते का बघत होते."

"वाजते, काकू," मी धापा टाकत म्हणालो.

"वाजते खरी," काकू म्हणाल्या, "पण तुम्ही फार हळू येता."

*

काकूंनी आयुष्यात आमच्याकडे एकच गोष्ट मागितली. झोपाळा.

चौलच्या घरातला, जुना शिसवी, पितळी कड्यांचा. "माजघरात रिकामाच लटकलाय," त्या म्हणाल्या. "इथे पडवीत टांगलास तर माझं दुपारचं बसणं होईल." मॅडम नाही म्हणाल्या, पडल्या तर काय घ्या. काकू फक्त जेवायच्या कमी झाल्या. गणपती झाल्यावर मॅडमच मला म्हणाल्या, "म्हात्रे, जा, घेऊन या तो झोपाळा."

मी बीमला जाड हूक बसवले, बसायची उंची कमी केली, आणि भार तपासायला वनिताला बसवलं. तिने दोन झोके घेतले आणि उतरायलाच तयार होईना. "टिकतोय का बघते हाय," म्हणाली. अर्धा तास बघत होती.

झोपाळा उत्तम झाला. एवढंच की त्या पितळी कड्या वाजायच्या. कुर्रर्र, कुर्रर्र. दुपारचा चहा झाला की काकू वाल सोलत बसायच्या आणि ते सुरू व्हायचं ते तिन्हीसांजेपर्यंत.

पहिली तक्रार सात नंबरची.

"म्हात्रे, त्या बाईंच्या झोपाळ्याला काहीतरी करा. मला वाचू देत नाही. एक ओळ वाचली की कुर्रर्र. स्वल्पविराम नको तिथे स्वल्पविराम!"

मी काकूंना सांगितलं. काकू म्हणाल्या, "मास्तरांना सांग, झोपाळा हलला की वाजणारच. त्यांच्यासारखा एका जागी बसून राहत नाही तो."

हे मी सरांना जसंच्या तसं सांगितलं. सांगायला नको होतं, पण राहवलं नाही. सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "वाक्यरचना चांगली आहे." आणि दुसऱ्या दिवशी परत तक्रार केली.

दोघांची ओळख म्हणाल तर एवढीच, माझ्यामार्फत.

*

आणि दसरा आला.

सर एक पाऊलही चालले नव्हते. आदल्या दिवशी मुलाचा फोन आला की उद्या गाडी घेऊन येतो. वनिताने सरांची बॅग भरायला घेतली. सरांनी पुस्तकं मात्र तिला भरू दिली नाहीत. "राहू देत, ती मी बघतो," म्हणाले. मला स्वतःचाच राग येत होता. आख्खी इमारत मी ह्या माणसासाठी बार ठोकून, उंबरे काढून सपाट केली होती आणि उपयोग शून्य.

मॅडम म्हणाल्या, "म्हात्रे, सरांची ती झोपाळ्याची तक्रार तेवढी मिटवून टाका."

"मॅडम, उद्या ते निघालेत. आता कशाला?"

"म्हणूनच," मॅडम म्हणाल्या.

काकू जेवायला बसल्या होत्या तेवढ्यात मी चारही कड्यांना तेल घातलं. चांगलं मुरवून, पुसून घेतलं. झोपाळा असा हलायला लागला की लोण्यातून सुरी.

मग मी पन्हळीतला पाला काढायला शिडी लावून वर चढलो. सरांच्या खोलीसमोरच. दुपारचा चहा झाला. त्या दिवशी सकाळपासून लाईट नव्हती, पंखे बंद, बेल बंद, सगळा निवास गप्प.

थोड्या वेळाने आतून सरांचा आवाज आला. "म्हात्रे, चहा झाला का सगळ्यांचा?"

"झाला सर."

"नऊ नंबरचा?"

"झाला असणार."

जरा वेळ गेला. "म्हात्रे, नऊ नंबरला जाऊन या जरा."

"येतो सर, एवढा पाला काढतो." माझे दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात. मला काय कळणार त्यांच्या मनात काय चाललंय ते?

"वनिता!" सरांनी हाक मारली. वनिता मागे विहिरीवर होती. बेल दाबल्याचा नुसता टक टक आवाज आला. मग काही नाही.

मग प्लॅस्टिक वाजल्याचा आवाज आला. चुरचुर. मला वाटलं कोणीतरी बिस्किटाचा पुडा उघडतंय.

मी खाली बघितलं तर शिडीच्या बाजूने सर चालले होते! वॉकर पुढे टाकायचा, पाऊल ओढायचं, परत वॉकर. प्लॅस्टिक तसंच, प्रत्येक पावलाला फाटत चाललेलं. माझ्याकडे बघितलंही नाही. मी शिडीवर पुतळा झालो. हाक मारली आणि दचकून पडले तर? बारवर दळवीकाकांचे पंचे होते, ते सरांनी हाताने बाजूला सारले आणि पुढे गेले.

पडवीच्या टोकाला काकू झोपाळ्यावर बसून वाल सोलत होत्या. झोपाळा छान मोठ्या झोक्यात, आवाज मात्र शून्य. काकूंनी वर बघितलं.

"अगंबाई! मास्तर?"

सरांना धाप लागली होती. त्यांनी झोपाळ्याकडे बघितलं, काकूंकडे बघितलं, परत झोपाळ्याकडे बघितलं.

"मला वाटलं," सर म्हणाले. मग थांबले. "तुमचा झोपाळा बंद पडला वाटलं."

"चालू आहे की."

"आवाज नाही."

"तेल घातलंय प्रदीपने. तुमचीच तक्रार होती ना?"

सर तसेच उभे. मी शिडीवरून उतरलो, पण पुढे जायचा धीर होईना. मागे वनिता येऊन उभी राहिली होती, तिच्या हातातली भरलेली बादली नुसती सांडत होती. मॅडम ऑफिसच्या दारात. त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला होता आणि ह्या वेळी कोणी गेलेलं नव्हतं.

काकूंनी वालाचं ताट उचलून मांडीवर घेतलं, तेवढीच जागा झाली. "उभे काय राहिलात?" म्हणाल्या. "बसा."

दसऱ्याच्या दिवशी मुलगा गाडी घेऊन आला, तेव्हा सर जेवणघरात ताटावर बसलेले होते. मुलाने त्यांना बघितलं, शेजारच्या वॉकरला बघितलं, तोंड उघडलं. सर म्हणाले, "आलायस तर जेवून जा. वालाचं बिरडं आहे." गाडी रिकामीच खारघरला गेली.

दोन दिवसांनी सरांनी मला बोलावलं. चेहरा एकदम हेडमास्तरांचा.

"म्हात्रे, तक्रार आहे. नऊ नंबरच्या झोपाळ्याचा आवाज येत नाही. पूर्वीसारखा करून द्या."

"सर, आवाज बंद करायला तुम्हीच..."

"मी काय म्हणालो ते मला माहीत आहे. रोज दुपारी उठून तिथपर्यंत जायला लागतं. खात्री करायला. माझ्या वयाला हे बरं आहे का?"

मी काकूंकडे गेलो. तक्रार सांगितली. काकूंनी सोलत असलेला वाल पुरा सोलला, ताटात टाकला, पायाने झोपाळ्याला एक हलका झोका दिला आणि कान देऊन ऐकलं. काही वाजलं नाही.

"मास्तरांना सांग, पार्ट मिळत नाही," काकू म्हणाल्या. "आणि ती तेलाची बाटली इथेच ठेवून जा."